वाऱ्याचा दर्शक नंतर, आधी लोकरीचा गुंडा घ्या

रामटेककडच्या एका शाळेतल्या सरांचा प्रश्न आला आहे. तिघा मित्रांनी मिळून एंटरप्राइज जातीची जुनी शिडाची नाव घेतली आणि दर रविवारी ती खिंडसीच्या पाण्यात काढतात. त्यांचं म्हणणं असं: "नाव चालते, पण वारा नेमका कुठून येतोय तेच कळत नाही. शीड फडफडलं की समजतं चुकलं म्हणून. डोलकाठीच्या टोकावर लावायचा दर्शक घ्यायचा आहे. बजेट दीड-दोन हजार. बाहेरच्या देशातून येणारे महाग पडतात, ऑनलाइन तीन-चारशेलाही दिसतात. कोणता घेऊ?"

सर, तीन-चारशेवाला घेऊ नका, आणि महागडा आत्ताच घेऊ नका. बाजारात जाऊन लोकरीचे दोन गुंडे आणा, एक लाल आणि एक हिरवा. शंभर रुपयांच्या आत काम होईल. एक हंगाम त्यावर काढा. मग वरचा दर्शक लागतोच असं वाटलं तर घरी करायची रीत खाली दिली आहे.

हे काटकसर म्हणून सांगत नाही. नौदलात असताना मी बरीच वर्षं शिडाच्या नावा चालवल्या आणि शिकवल्या. निवृत्त होऊन भंडारा जिल्ह्यात गावी आलो तेव्हा समुद्रावरची सवय घेऊनच आलो: डोलकाठीच्या टोकाकडे बघायचं, तिथला बाण सांगेल तो वारा. पहिल्याच हिवाळ्यात ती सवय मोडली. आपल्याकडे दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत सकाळी वारा जवळजवळ नसतोच. दुपारी अंगाला लागेल न लागेल एवढा येतो. इतक्या वाऱ्यात वरचा बाण ढिम्म. मघाशी ज्या दिशेला थांबला, त्याच दिशेला तोंड करून उभा.

हे काही माझ्याच बाणाचं दुखणं नव्हे. ब्रिटिश नौदलातल्या ब्युफर्ट नावाच्या अधिकाऱ्याने 1805 मध्ये वाऱ्याची प्रतवारी मांडली. तिचं पुढे जमिनीसाठी जे रूप झालं त्यात पहिल्या पायरीचं, म्हणजे 1 ते 3 नॉट वाऱ्याचं लक्षणच असं दिलं आहे: धुराच्या कलावरून दिशा कळते, वातकुक्कुटावरून नाही. नॉट म्हणजे तासाला 1.852 किलोमीटर. शाळेच्या भूगोलातला तो वातकुक्कुट दुसऱ्या पायरीला, 4 ते 6 नॉटला हलू लागतो. आपला हिवाळी वारा नेमका या दोन पायऱ्यांच्या उंबरठ्यावर असतो.

कारण साधं आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि वर्गानेच कमी होतो. 6 नॉटला बाणाच्या शेपटीवर जेवढा जोर पडतो, त्याच्या चौथाईच 3 नॉटला पडतो आणि 2 नॉटला नववा हिस्सा. बाण ज्या टोकावर फिरतो त्या खिळीतलं घर्षण मात्र तेवढंच राहतं. म्हणून स्वस्त दर्शकात पहिली मार खाते ती खिळी. लोकरीच्या धाग्याला खिळीच नसते.

धागे कुठे बांधायचे

तुमच्या एंटरप्राइजला डोलकाठी दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा आहेत, ज्यांना श्राउड म्हणतात. ही मोठी सोय आहे. लेझर जातीच्या किंवा मुलांच्या ऑप्टिमिस्ट नावेला त्या नसतात. नावेत बसल्यावर तुमच्या डोळ्यांच्या रेषेत येईल तिथे प्रत्येक श्राउडला वीतभर लोकर बांधा. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवी. समुद्रावर दिव्यांचेही हेच रंग. गाठ घट्ट मारली की धागा तारेला चिकटून बसतो, म्हणून आधी तारेवर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या आणि त्यावर सैल फास बांधा, म्हणजे तो तारेभोवती फिरेल पण खाली घसरणार नाही.

बघायचा तो वाऱ्याकडच्या बाजूचा धागा. पलीकडचा शिडाच्या आडोशाला असतो. शिडावरून वळून आलेली हवा त्याला नाचवते, तो खोटं सांगतो. नवे लोक हमखास त्याच्याकडेच बघतात, कारण त्यांची नजर शिडाकडे असते.

आता पुढचं छोटं शीड, जिब. इथले धागे म्हणजे खरा गुरू. जिबच्या पुढच्या कडेपासून साधारण वीतभर आत, खालून एक तृतीयांश उंचीवर, सुईत लोकर ओवून शिडातून आरपार काढा. दोन्ही बाजूंना कापडाला लागून एकेक गाठ मारा आणि दोन्हीकडे वीत-वीत शेपूट सोडा. एका धाग्यात दोन्ही बाजू झाल्या. शिवणीजवळ लावू नका, लोकरीचं टोक टाक्यात अडकतं आणि तुम्ही अर्धा तास भलतंच समजत राहता. जमलं तर तशीच एक जोडी वर मध्यावर लावा.

वाचायचं कसं? वाऱ्याला तिरकं कापत वर जाताना दोन्ही धागे मागे सरळ वाहत असतील तर उत्तम. वाऱ्याकडचा धागा उड्या मारू लागला तर तुम्ही वाऱ्यात जास्त घुसलात, नाव थोडी खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, वळवा किंवा जिबचा दोर ओढा. पलीकडचा उड्या मारू लागला तर शीड फार आवळलंय किंवा नाव फार खाली पडलीय. दोर सैल करा किंवा नाव वर, म्हणजे वाऱ्याकडे, घ्या. गडबडीत एवढं आठवत नाही. म्हणून मुलांना मी एकच सांगतो: जो धागा नाचतो त्याच्याकडे सुकाणूचा दांडा न्या. दोन्ही वेळा बरोबर ठरतं. खिंडसीवर पुढच्या रविवारी करून बघा.

मोठ्या शिडाच्या मागच्या कडेला, जिथे शीड ताठ ठेवणाऱ्या फळ्या घालायचे खिसे आहेत त्यातल्या वरच्या खिशाशी, वाऱ्यावर उडेल अशी एक हलकी पट्टी लावा. ती मागे वाहत राहिली तर ठीक. सारखी शिडाच्या आड जाऊन लपत असेल तर शीड जास्त आवळलंय. आपल्या मंद वाऱ्यात ही चूक सगळ्यात जास्त होते. वारा कमी आहे म्हणून माणूस दोर आणखी ओढतो, आणि नाव उभीच राहते.

लोकरीचा एक दोष आहे. भिजली की शिडाला चिकटते. मी मेणबत्तीचा तुकडा धाग्यावर दोन-तीनदा घासतो, पुष्कळ फरक पडतो. जुन्या कॅसेटची फीत लोकरीपेक्षा हलकी असते आणि पाणी पीत नाही. मंद वाऱ्यात श्राउडवर तिच्यासारखं काही नाही. पण उन्हाने ती ठिसूळ होते. वैशाखात तर आपल्याकडे महिनाभरात तुकडे पडतात. घरात भजनांच्या किंवा लग्नातल्या जुन्या कॅसेट पडल्याच असतील, एक फोडली तर जन्मभर पुरेल. फक्त आधी घरच्यांना विचारा. मी विचारलं नव्हतं.

दिसणारा वारा आणि असणारा वारा

तुमच्या प्रश्नातली खरी अडचण मला इथे वाटते. तुम्ही लिहिता, "काठावर उभं राहिलं तर वारा डावीकडून लागतो, नाव चालू झाली की समोरून." सर, दोन्ही बरोबर आहे. उन्हाळ्यात दुपट्टा बांधून मोटारसायकलवर निघता तेव्हा बघा. गाडी उभी असताना वारा बाजूने येत असेल तर दुपट्ट्याचं टोक बाजूला उडतं. गाडी वेगात आली की तेच टोक सरळ पाठीमागे. वारा बदलला नाही, तुमची चाल त्यात मिसळली.

नावेचं उदाहरण घ्या. वारा 6 नॉटचा, बरोबर काटकोनात येणारा, आणि नाव 3 नॉटने चाललेली. धाग्याला जाणवणारा वारा साधारण 6.7 नॉटचा होतो, आणि तो 90 अंशांवरून नव्हे तर नावेच्या नाकापासून जवळपास 63 अंशांवरून येतो. शीड लावायचं ते या जाणवणाऱ्या वाऱ्याला, काठावरच्या वाऱ्याला नाही. धागा आणि बाण हाच वारा दाखवतात, म्हणून तर ते उपयोगी.

तोच वारा पाठीमागून घेऊन 3 नॉटने निघालात तर जाणवणारा वारा उरतो फक्त 3 नॉट. धागे मरगळतात, जिब मोठ्या शिडाच्या आड जाऊन लोंबते, तिच्यावरचे धागे काहीच सांगत नाहीत. धोका नेमका इथेच आहे. वारा किंचित सरकून शिडाच्या मागच्या बाजूला शिरला की मोठ्या शिडाच्या खालचा आडवा दांडा सपकन या बाजूचा त्या बाजूला जातो, आणि मधे डोकं असेल तर डोक्यावर. वारा पाठीशी असताना श्राउडवरच्या फितीवरून नजर काढू नका. वरच्या बाणाचा खरा उपयोग झाला तर इथे होतो.

तीनशेच्या बाणाचं काय झालं

मी तो घेतला होता. कोणाकडून ते सोडा. चित्रात डोलकाठीवर दाखवला होता, हातात आला तेव्हा कळलं की कुंडीत खोचायच्या शोभेच्या जातीचा आहे. तरी हौसेनं लावला. नाव सरळ असेपर्यंत बरा चालला. जानेवारी संपता संपता एका दुपारी चांगला वारा आला, नाव कलली, आणि बाण शांतपणे उताराकडे वळला. शेपूट जड, नाक हलकं. नाव कलली की जड बाजू खाली जाणारच, वारा कुठूनही असो. मी त्याच्यावर विश्वास ठेवून वाऱ्याची दिशा चुकीची समजलो, सुकाणू फिरवलं, दांडा कानाला घासून गेला आणि आम्ही दोघं पाण्यात. काठावर जाळं उसवत बसलेला एक ढिवर म्हातारा हसून म्हणाला, "वारा पान्यावर दिसते बाबू, वर काहून पाहतं?"

म्हातारा खरं बोलला, त्याच्याकडे पुढे येतो. आधी बाणाची परीक्षा सांगतो, दुकानात उभ्या उभ्या करता येते. दर्शक हातात धरून आडवा करा, खिळी जमिनीला समांतर येईल असा. मग बाण वेगवेगळ्या जागी नेऊन सोडा. सोडला तिथेच राहिला तर तोल बरोबर. एकच बाजू सारखी खाली येत असेल तर परत ठेवा. दुसरी परीक्षा घरात: पंखा सगळ्यात मंद लावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उदबत्ती लावा आणि शेजारी दर्शक धरा. उदबत्तीचा धूर ज्या दिशेला कलतो तिकडे शेपूट वळली तर तो दर्शक विदर्भात चालेल.

परदेशी चांगले दर्शक, उदाहरणार्थ विंडेक्स, या दोन्हींत पास होतात. खिळी टोकदार, तोल नेमका, आणि मागे दोन स्थिर खुणा असतात. त्या मधल्या रेषेपासून साधारण 30-30 अंशांवर ठेवल्या की वाऱ्याला कापत जाताना शेपूट त्या त्या खुणेवर आली म्हणजे नाव बरोबर चालली असं समजतं. वस्तू उत्तम, पण चार मीटरच्या नावेसाठी काही हजार रुपये आणि वर पाणकावळ्यांची बैठक, हे मला तरी पटत नाही. डोलकाठीच्या टोकावर वारा मोजणारी विजेची यंत्रं मोठ्या नावांची. त्यांचा विचारच सोडा.

घरी करायचा बाण

साहित्य: सायकलचे दोन स्पोक, बॉलपेनच्या जाड रिफिलची रिकामी नळी (धातूच्या टोकासकट), एक्स-रेची जुनी फिल्म, जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी, थोडं एम-सील.

एका स्पोकचं टोक कानशीने घासून सुईसारखं करा. हा उभा राहणार. रिफिल स्वच्छ धुऊन घ्या, शाईचा थेंबही आत नको. ती उलटी, धातूचं टोक वर करून, स्पोकवर चढवा. स्पोकची सुई आतून धातूच्या टोकाला टेकते आणि सगळा भार त्या एका बिंदूवर येतो. नळी बाजूंनी सैल असली पाहिजे. स्पोक जाड वाटला तर तोही घासा. दुसरा स्पोक वीतभर कापून नळीवर आडवा बसवा, एम-सीलने. मागच्या टोकाला एक्स-रे फिल्मचा दोन बोटं रुंद, चार बोटं लांब तुकडा उभा लावा. पुढच्या टोकाला शिशाची गोळी. एम-सील सुकण्याआधी गोळी पुढे-मागे सरकवत वरची आडवी परीक्षा करा. याला वेळ लागतो. मला पहिल्यांदा अख्खी संध्याकाळ लागली, आणि तोल जमला तेव्हा बायको म्हणाली, आता जेवा.

फिल्मला भगवा किंवा लाल ऑइल पेंट लावा. काळी फिल्म आभाळावर दिसते, पण मागे झाडी आली की हरवते. पेंट पातळ मारा. त्याचंही वजन होतं, तोल पुन्हा बघावा लागतो.

हा बाण मी डोलकाठीच्या टोकावर लावत नाही. डोलकाठीच्या पुढे, डोक्याच्या थोडा वर, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर हातभर पुढे काढून लावतो. शिडामुळे तिथली हवा थोडी वळलेली असते, हे खरं. टोकावर वारा स्वच्छ मिळतो आणि पाण्यालगतच्या वाऱ्यापेक्षा थोडा जास्तही असतो. पण टोकाकडे बघायला मान मागे टाकावी लागते, आणि मान मागे टाकली की पाण्यावरची नजर जाते. लहान नावेत हा सौदा तोट्याचा. शिवाय नाव पूर्ण पालथी झाली तर हा बाण नळीसकट निसटून तळ्यात जातो. दोन गेले माझे. म्हणून एकदम तीन बनवतो.

पक्ष्यांचं आधी लिहिलं. तुमच्या तलावावर खंड्या असेलच. त्याला मासे बघायला उंच, आडवी, पाण्यावरची जागा हवी असते आणि आपण ती आयती करून देतो. बाणाच्या थोडं वर एक सरळ उभी तार सोडा, बसायला जागा राहत नाही. नाव काठावर असेल तेव्हा बाण काढून घरी न्या.

म्हाताऱ्याचं म्हणणं

धागा आणि बाण तुमच्या नावेवरचा, या क्षणाचा वारा सांगतात. अर्ध्या मिनिटाने येणारा वारा पाण्यावर दिसतो. झोत येतो तिथे पाण्याचा रंग गडद होतो, बारीक सुरकुत्या पडतात, आणि तो डाग तुमच्याकडे सरकत येतो. काठावर बसलेले बगळे बघा, बसलेला पक्षी सहसा वाऱ्याकडे तोंड करतो. वीटभट्टीचा धूर, पलीकडच्या वावरातली तुरीची शेंडी, सगळं वाचायला शिका. खळ्यावर उपणणी करणारी माणसं सुपातली पहिली मूठ सोडून भुसा कुठे जातो ते बघतात आणि मग तिवई त्याप्रमाणे फिरवतात. तुमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना हे घरी बघून माहीत असेल. त्यांना विचारलंत तरी चालेल.

खिंडसीला टेकड्यांनी वेढलंय, त्यामुळे वारा खिंडीतून वळून येतो आणि तलावाच्या दोन टोकांना दोन दिशा दाखवतो. बाण बिघडला असं समजून खाली उतरवू नका. इकडे गोसीखुर्दच्या पसरट पाण्यावर तसं कमी होतं, तिथे वैनगंगेच्या खोऱ्यात वारा मोकळा वाहतो. एप्रिल-मेच्या दुपारी झोत वेडेवाकडे येतात, धागे एका मिनिटात चार दिशा दाखवतात. अशा वेळी प्रत्येक हेलकाव्यामागे सुकाणू फिरवू नका, सरासरी धरा. आणि पश्चिमेला काळं आभाळ, खाली धुळीचा पडदा दिसला की काठ गाठा. त्या वावधनाआधी अनेकदा वारा पूर्ण पडतो, धागे सरळ खाली लोंबतात. ती शांतता बघून आणखी एक फेरी मारणारे मी पाहिलेत. त्या दिवशी शीड उतरवायलाही त्यांना वेळ मिळाला नाही.

एक राहिलंच. डोलकाठी ॲल्युमिनियमची आहे आणि तिच्या टोकावर काहीही लावलं की उंची वाढते. नाव ट्रॉलीवरून पाण्याकडे ढकलताना डोलकाठी उभी करू नका. तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पंपांच्या आणि गावच्या वीजतारा आडव्या असतात, काही ठिकाणी हात वर केला तर भीती वाटावी इतक्या खाली झुकलेल्या. पाण्याच्या अगदी कडेला, वर आभाळ मोकळं आहे हे दोघांनी बघून, मगच उभी करा. लोकर बांधायची ती त्याआधी, डोलकाठी जमिनीवर आडवी असतानाच.